'द'चा 'न' झाला तेव्हा

“म्हणा, बाबा,” डॉक्टर म्हणाले.

“मामा,” मी म्हणालो.

“मामा नाही हो, मास्तर. बाबा.”

“मामा,” मी पुन्हा म्हणालो. या खेपेला ते माझं मलाही ऐकू आलं.

डॉक्टरांनी टेबलावरचा लहान आरसा उचलला, थंड पाण्यात बुडवून पुसला आणि माझ्या नाकाखाली आडवा धरला. परत बाबा म्हणायला लावलं. मी म्हणालो, आणि आरशावर वाफेचे दोन ठिपके उमटले, एकेका नाकपुडीचा एकेक.

“दिसलं? हवा तोंडातून यायला हवी, ती नाकातून पळते आहे. पॅलेटल पॅरालिसिस.”

पॅलेटल पॅरालिसिस म्हणजे टाळूचा लकवा. आपली पडजीभ जिथं लोंबते, तिथं टाळूचा मागचा भाग मऊ असतो. आपण गिळतो किंवा बोलतो तेव्हा तो वर उचलला जातो आणि नाकाकडे जाणारी वाट बंद करतो. माझं ते दार उघडंच राहिलं होतं. त्रेचाळीस वर्षं ते बिचारं दिवसातून हजार वेळा उघडझाप करत होतं आणि मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं, तर नाव घेता येईना.

मी निघोज्याच्या शाळेत मास्तर आहे. बिगरी आणि पहिली माझ्याकडे. सुताराचा धंदा हाताचा, हमालाचा पाठीचा, तसा माझा धंदा तोंडाचा. हे लिहितो आहे ते, कुणाच्या नाकाखाली उद्या असा आरसा आलाच तर त्याला पुढं काय होतं ते आधी कळावं म्हणून.

सुरुवात घशापासून झाली होती. पावसाळा सरता सरता माझा घसा धरला. मास्तरांचा घसा धरतोच, म्हणून मी मिठाच्या गुळण्या केल्या आणि वर्गात ओरडत राहिलो. तिसऱ्या दिवशी मान सुजली. चाकणच्या डॉक्टरांनी चमच्यानं जीभ दाबून आत पाहिलं. घशात राखाडी पांढरा पापुद्रा धरला होता. त्यांनी तो पाहताच मला पुण्याला, साथीच्या रोगांच्या हॉस्पिटलात धाडलं.

डिप्थीरिया. म्हणजे आपला घटसर्प. हा आजार बहुधा लहान मुलांचा. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ दत्तू पिंपरीला पेनिसिलीनच्या नव्या कारखान्यात नोकरीला आहे. त्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, “दाजी, वीस वर्षं बिगरीत काढलीत, आजारसुद्धा बिगरीतलाच घेतलात?”

हॉस्पिटलात अँटिटॉक्सिन टोचलं, पेनिसिलीनही दिलं. पापुद्रा गेला, ताप गेला. पुरी विश्रांती घ्या, असं बजावून मला घरी सोडलं. घरी येऊन आठवडा झाला असेल. एका सकाळी चहाचा घोट घेतला आणि तो नाकातून बाहेर आला. बायको हसली, मीही हसलो. दुपारी आमटीचं तसंच झालं, तेव्हा कुणी हसलं नाही. संध्याकाळपर्यंत आवाजही बदलला. म्हणून परत पुण्याला गेलो. आरशाची गोष्ट तिथली.

दत्तू सोबत होता. त्याचा भरवसा एकाच औषधावर. “डॉक्टरसाहेब, पेनिसिलीन अजून टोचा की. आमच्या कंपनीत ड्रमनी बनतंय.”

डॉक्टर शांत माणूस होते. “पेनिसिलीन जंतू मारतं. ते काम झालं. जंतूंनी जे विष सोडलं त्यासाठी अँटिटॉक्सिन. तेही झालं. पण त्याआधीच थोडं विष नसांपर्यंत पोचलं होतं. त्या नसा आपल्या आपण दुरुस्त होतात. त्याला औषध नाही.”

“मग काय करायचं?”

“वाट पाहायची. बहुतेकांचा हा लकवा पूर्ण जातो. पण त्याआधी तो आणखी पसरू शकतो. श्वासाला त्रास झाला तर तडक इथं यायचं. पातळ काही द्यायचं नाही, घट्ट द्यायचं. आणि मास्तर, उठायचं नाही. या विषाचा डोळा हृदयावरही असतो.”

आता माझ्या भाषेची अवस्था सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. म, न, र, ल, व, य ही अक्षरं धड होती. बाकीच्यांचं खरं नव्हतं. ब म्हणायला गेलो की म निघे, द म्हणायला गेलो की न, ड म्हणायला गेलो की ण. आणि ग! वीस वर्षं मी मुलांना सांगत आलो होतो, की ङ हे अक्षर नुसतं लिहून ठेवायचं, त्यानं सुरू होणारा शब्द मराठीत नाही. आता मी तोंड उघडलं की असे शब्द ढिगानं पडू लागले. ङाय, ङाडी, ङूळ. आमच्या ओटीवर ङची जत्रा भरली.

बायकोचं माहेर मावळातलं. ती शाळेची पायरी चढलेली नाही. अर्धं गाव माझ्या हाताखालून शिकून गेलं, पण घरात पाटी फिरवावी हे मला कधी सुचलं नाही. हे विनोदानं लिहितो आहे खरं, पण त्या आठवड्यात त्याची शिक्षा मिळाली.

एका दुपारी आडवा पडलो होतो. छातीवर कुणी हळूच बसावं तसं वाटू लागलं. श्वास वरच्या वर राही, पोटापर्यंत जाईना. मानेखाली दोन उशा होत्या, आणखी उंच झालो तर बरं वाटेल म्हणून मी म्हणालो, “अजून एक उशी दे.”

माझ्या तोंडून निघालं, “अजून एक उशी ने.”

तिनं मुकाट्यानं डोक्याखालची एक उशी काढून नेली.

मी घाबरून म्हणालो, “दे! दे!”

“न्हेते की,” ती म्हणाली आणि दुसरीही ओढली.

मी सपाट झालो. आवाज निघेना. हातवारे केले ते तिला चवथ्या-पाचव्यांदा कळले. तिनं मला पाठीशी धरून बसवलं, आणि मग तिचा चेहरा पांढरा पडला. “आवं, मला वाटलं गरम व्हतंय तुमाला.” शेजारच्या खुंटीला माझी पाटी होती. मी त्यावर 'दवाखाना' असं लिहून तिच्यापुढं धरलं. ती अक्षरांकडं पाहत राहिली, मग माझ्याकडं. मग पाटी घेऊन पळत रस्त्यावर गेली आणि पहिला भेटेल त्याला ती वाचायला लावली.

बैलगाडीनं चाकणला, तिथून मोटारीनं पुण्याला. वाटभर ती माझ्या पाठीला टेकण देऊन बसली होती.

या वेळी डॉक्टरांनी पोटावर हात ठेवून पाहिला. डायफ्रॅम म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा. श्वास घेताना तो खाली दबतो आणि पोट फुगतं. माझं पोट उलट आत जात होतं. “हाही अशक्त झालाय,” डॉक्टर म्हणाले. “एका श्वासात अंक म्हणा. जातील तितके.”

मी सातपर्यंत गेलो. त्यांनी स्वतः म्हणून दाखवलं, ते चाळीसच्या पुढं गेले.

मग रोज सकाळी हीच परीक्षा. दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी पाच. चवथ्या दिवशी मी भरभर म्हणून नऊ केले. डॉक्टर म्हणाले, “मास्तर, कॉपी करायची नाही. सावकाश म्हणा.” सावकाश म्हटले तेव्हा चार झाले. त्यांनी नर्सला खाट दाराजवळ, आपल्या टेबलासमोर आणायला सांगितली. शाळेत आम्हीही वांड पोराला पुढं बसवतो, असं मनात आलं. पण ती गंमत करावी इतका श्वास नव्हता.

ते दिवस लांबलचक होते. डोळ्यांनाही विषाची झळ लागली होती. दूरचं झाड स्वच्छ दिसे, हातातलं अक्षर पुसट. बोलणं नाही, वाचणं नाही. नळीनं अन्न. मी पडून हिशेब करी, की चार अंकांत काय काय बोलता येईल. 'पाणी हवं.' 'बरं आहे.' 'ती आली का?' माणसाला रोज लागणारं बोलणं खरं तर एवढंच आहे. बाकीचं मी वीस वर्षं उगाच बोलत होतो, असंही एकदा वाटून गेलं.

चार. चार. पुन्हा चार. मग एका सकाळी पाच.

“सावकाश?” डॉक्टरांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी परत म्हणायला लावले. पाच. खाट मात्र त्यांनी आणखी आठवडाभर तिथंच ठेवली.

अठरापर्यंत पोचलो तेव्हा मला घरी सोडलं. निघताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, पाटावर कापसाचा बोळा ठेवायचा, आधी नाक चिमटीत धरून तो फुंकायचा आणि हळूहळू चिमटी सैल करायची. दुसरी मी शब्दाला शब्द लिहितो: “बोलताना श्वास संपला की लोक वाक्य रेटतात. तुम्ही रेटू नका. वाक्य मोडा. मोडलेलं वाक्य ऐकणाऱ्याला चालतं.”

घरी माझ्याआधीच सल्ले येऊन बसले होते. कुणी म्हणे वेखंड जिभेला घासा, कुणी म्हणे भूतबाधा उतरवा. वेखंडाला बायकोनं मधाचं बोट जोडून माझ्या जिभेला लावलं. फरक पडला नाही, पण मध घट्ट असल्यानं नाकातून आला नाही, एवढं यश.

चार दिवसांनी आमचे हेडमास्तर आले. सज्जन माणूस, पण मुद्द्याचा. ओटीवर बसून त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली.

“मास्तर, तालुक्याच्या कचेरीत नकला करायला माणूस हवाय. दिवसभर लिहायचं. बोलायचं काम नाही. तुमचं अक्षर मोत्यासारखं. मी शब्द टाकतो.”

“आणि मिङरी?” मी म्हणालो. मला बिगरी म्हणायचं होतं.

त्यांनी खाली पाहिलं. “महिनाभर मी दोन्हीकडं पाहतो. मग दुसरा माणूस मागावाच लागेल. पोरं एवढीशी आहेत हो. तुम्ही म्हणाल ते म्हणणार.”

ते खरंच होतं. घटसर्पानंतर, आवाज बिघडला त्या दिवशी मला भेटायला वर्गातली दोन पोरं आली होती. मी त्यांना बदक म्हणून दाखवलं. परत जाताना ती रस्त्यानं 'मनक, मनक' करत गेली.

“हजेरी,” मी म्हणालो. श्वास घेतला. “हजेरी घेऊन... दाखवली तर?” दाखवली ऐवजी नाखवलीच निघालं, पण ते समजले.

त्यांनी विचार केला. आमच्या पटावरची नावं त्यांना पाठ होती. बबन, बाबू, धोंडू, गोदा, द्रौपदी. या पंचक्रोशीत आईबापांनी नावं ठेवताना माझ्या आजाराचा काहीएक विचार केलेला नव्हता. “ठीक,” ते म्हणाले. “अखंड पट. पोरांना हसू न येता. ती घेता आली की वर्ग तुमचा. नाही आली तर मी सांगतो तिकडं जायचं. कबूल?”

“कमूल,” मी म्हणालो.

ते गेल्यावर बायको आतून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. खुंटीवरची पाटी काढून माझ्यापुढं ठेवली आणि समोर फतकल मारून बसली.

“मला द दाखवा.”

“का?”

“का काय? परत कंदी उशी मागितलीत तर मी काय गावात पळू व्हय? काढा. आन् त्याच्या बाजूला न काढा.”

अशी आमची शाळा सुरू झाली. सकाळी पाटावर कापूस, मग पाटी. मी अक्षर काढी आणि म्हणे, ती म्हणे आणि काढी. तिचा द पहिले आठ दिवस उलटा पडे, माझा न म्हणून पडे. दोघंही नापास. ती म्हणायची, “तुमी बी चुका, मी बी चुकते. मार कुनी कुनाला द्यायचा?”

श्वासासाठी पाढे घेतले. मी 'बे एके बे' म्हणे आणि थांबे. पुढची ओळ ती म्हणे, तेवढ्यात मी श्वास भरून घेई. हे आम्ही ठरवून केलं नव्हतं. मी अडलो म्हणून ती बोलली, एवढंच. पण त्यातून मला एक गोष्ट उमगली, जी वीस वर्षं वर्गात माझ्या डोळ्यांपुढं होती. पाढा कुणी एकट्यानं म्हणतच नाही. मास्तर म्हणतो, पोरं म्हणतात. हजेरीतही तेच. मी नाव घेतो, पोर हजर म्हणतं. त्या हजरच्या लांबीएवढा श्वास मला फुकट मिळणार होता. मला एका दमात सगळा पट म्हणायचा नव्हता, एका दमात एकच नाव म्हणायचं होतं.

टाळूनं मात्र आपला वेळ घेतला. कापूस आधी जागचा हलेना. एकदा फुंकर जोरात नाकातून गेली आणि मला अशी शिंक आली, की कापूस बायकोच्या भाकरीच्या पिठात. “आज हलला बघा,” ती म्हणाली. पंधरा-एक दिवसांनी चिमटी सोडून फुंकलं, तरी तो पाटाच्या कडेपर्यंत गेला. त्याच आठवड्यात चहा नाकात आला नाही. मी पेला हातात धरून बसून राहिलो. आधी ब सुधारला. दचं खरं नसे, सकाळी जमे, दुपारी थकलो की परत न. ग आणि ड शेवटपर्यंत हट्टाला पेटले.

बायकोला तोवर जोडाक्षरांशिवायचं वाचता येऊ लागलं होतं. दत्तू रविवारी आला तेव्हा ती पाटीवरून पटावरची नावं वाचत होती आणि मी मागून म्हणत होतो. तो दारातच थबकला. “आक्का, दाजींना शिकिवतीस का दाजी तुला?”

“गप बस,” ती म्हणाली. “वर्ग चालू हाय.”

महिना संपला त्या दिवशी मी शाळेत गेलो. चालत, दोनदा थांबून. हेडमास्तर मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले. पोरं रांगेत मांडी घालून. मी पट उघडला. डोळे सुधारले होते, तरी पट हातभर लांब धरावा लागला.

आता हे वाचणाऱ्याला, विशेषतः जो सध्या पाटावरच्या कापसाकडं बघत बसला असेल त्याला, एक सांगतो. मी पूर्ण बरा होऊन त्या वर्गात गेलो नव्हतो. पूर्ण बरं होण्याची वाट पाहिली असती तर आज कचेरीत नकला करत असतो. मी मोडकं वाक्य घेऊन गेलो. ज्यांचे आभार मानायचे ते डॉक्टर पुण्यात होते आणि बायको घरी, आणि दोघांनीही मला एकच शिकवलं होतं: थांब, दुसऱ्याला बोलू दे, मग बोल.

“बबन,” मी म्हणालो.

“हजर!”

श्वास.

“धोंडू.”

“हजर!”

श्वास. गोदा, द्रौपदी, बाबू. द्रौपदीला मी जरा लटपटलो, पण ती 'हजर' म्हणायला इतकी उतावीळ, की तिनं माझा द झाकून टाकला. कुणी हसलं नाही. ती एवढीशी पोरं माझ्या तोंडाकडं असं पाहत होती, जसा मी त्या आरशाकडं पाहत होतो.

आणि मग ते नाव आलं. दगडू बाबू गाडे. त्यात ब सोडला तर मला सोयीचं एकही अक्षर नाही. वर्गात दगडू दोन होते, म्हणून पूर्णच घ्यावं लागे. घरी सातातून चार वेळा जमलं होतं.

“नङणू...” मी म्हणालो, आणि थांबलो.

दगडू उठून ओरडला, “हजर!”

“खाली बस,” मी म्हणालो. “तुझं नाव... अजून घेतलेलं नाही.”

तो गोंधळून बसला. मागं खुर्ची करकरली. मी पटावरून नजर काढली, पोट फुगेपर्यंत श्वास घेतला आणि वाक्य मोडलं.

“दगडू.” श्वास. “बाबू.” श्वास. “गाडे.”

“हजर!” तो आधीपेक्षा मोठ्यानं ओरडला.

उरलेली नावं झाली. मी हजर मोजले, तेवीस. हेडमास्तरांनी मागून डोकी मोजली, बावीस.

“एक जास्त कसा, मास्तर?”

“दगडू... दोनदा झालाय.”

ते उठले. टोपी डोक्यावर ठेवली. दारापर्यंत जाऊन म्हणाले, “असू द्या. तो जास्तीचा हजर तुमचा धरू.”

त्यांना काहीतरी चांगलं उत्तर द्यावं असं फार मनात होतं. पण श्वास संपला होता. मी खडू उचलला आणि फळ्याकडं वळलो.